आईसाठी जुना लॅपटॉप लावतेय, पण तिचा हात टाइपरायटरचा आहे

वहीतली_रेघ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक झालाय, सांभाळून घ्या.

माझी आई ७४ वर्षांची. कचेरीत लघुलेखिका-टंकलेखिका होती, ३१ वर्षं मराठी टाइपरायटर बडवला. कॉम्प्युटर आले तेव्हा तिची निवृत्ती तोंडावर होती, म्हणून प्रशिक्षणाच्या यादीत तिचं नाव लागलं नाही आणि तिनेही 'बरं झालं, सुटले' म्हटलं. तेव्हापासून आजवर माउसला हात लावलेला नाही. मोबाइल आहे, पण तो बोलण्यापुरता आणि आलेले फोटो बघण्यापुरता.

आता तिला कॉम्प्युटर हवाय, आणि तो तिने स्वतःहून मागितलाय. कपाट आवरताना तिच्या सात जुन्या वह्या निघाल्या. मी उघडल्या तर आत नुसते बाक, फराटे आणि ठिपके. लघुलिपी. लग्नाआधी वेग वाढवायला ती रोज संध्याकाळी आजोबांना बोलायला बसवायची आणि ते बोलतील ते उतरवून घ्यायची. आजोबांचं लहानपण, पहिली नोकरी, भाऊबंदांची भांडणं, सगळं त्यांच्याच शब्दांत. हे वाचता येणारी घरात ती एकटी. वाचून दाखवताना मध्येच 'हा शब्द काय होता बरं' म्हणत एका फराट्यावर बोट ठेवून बसून राहते. म्हणजे आता उशीर नको, हे तिलाही कळलंय. हाताने लिहिलं की बोटं दुखतात, टाइप करायला दुखणार नाहीत असं तिचं म्हणणं.

भावाचा लॅपटॉप पडून होता. २०१३ चा, तिसऱ्या पिढीचा आय-३, रॅम ४ जीबी, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, १३६६ बाय ७६८ चा पडदा. बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते. विंडोज १० आहे. चालू केल्यापासून वापरण्याजोगा व्हायला सहा-सात मिनिटं.

मी काय केलं तेही सांगते, कारण घोळ बहुधा तिथेच आहे. डेस्कटॉपवर चौदा आयकॉन मांडले. दोन पानी सूचना लिहून भिंतीला चिकटवल्या. मराठीसाठी इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायची सोय लावली, कारण मी तसंच करते. आईने दोन ओळी केल्या आणि म्हणाली, "मराठी लिहायला मी इंग्रजीत कशाला विचार करू?" मग इनस्क्रिप्ट, म्हणजे कळांवर थेट मराठी अक्षरं असलेली मांडणी, लावली. तिने 'किती' टाइप करायला घेतलं. आधी ऱ्हस्व वेलांटी दाबली, तर पडद्यावर वेलांटी आणि तिच्या पोटात ठिपक्यांचं वर्तुळ. "ही ठिपक्यांची बांगडी कुठून आली?" मला उत्तर देता आलं नाही. ती खोडायला बॅकस्पेस, तर तीही गेली आणि मागचा शब्दही गेला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी तिच्या हातून माउस काढून घेतला. ती काही बोलली नाही. झाकण लावलं आणि उठून गेली. मला अजून वाईट वाटतंय.

या डबड्यावर आणखी खर्च करावा का, त्यात काय घालावं, आणि टाइपरायटरवर घडलेला हात कॉम्प्युटरवर कसा आणावा? मी शनिवार-रविवारीच आईकडे असते, हेही लक्षात घ्या.

---

रिकामा_स्क्रू

आधी यंत्र बघू, कारण आईंचा निम्मा वैताग तिथलाच असणार. सात मिनिटं काही हललं नाही की माणूस मधल्या वेळात दहा ठिकाणी क्लिक करतो. यंत्र ते दहाही क्लिक साठवून ठेवतं आणि जाग आल्यावर एकदम वाजवतं. दहा खिडक्या उघडतात आणि शिकणाऱ्याला वाटतं, मीच काहीतरी मोडलं.

हार्ड डिस्क काढा, एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घाला. अडीच इंची, साटा जोडणीची, २४० किंवा २५६ जीबीची पुष्कळ झाली. टाइप करायचंय, सिनेमे साठवायचे नाहीत. या वयाच्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्या कशानेही इतका फरक पडत नाही, प्रोसेसरला उगाच शिव्या बसतात. रॅम ८ जीबी करता आली तर उत्तम. डीडीआर-३ ची लॅपटॉपवाली लहान पट्टी लागेल. १.३५ व्होल्टची घ्या, तिसऱ्या पिढीला तीही चालते आणि १.५ चीही. डीडीआर-४ ची घेऊ नका, तिची खाच दुसऱ्या जागी असते, बसणारच नाही. आधी मागचं झाकण उघडून दुसरी जागा रिकामी आहे का ते बघा.

जुनी डिस्क काढण्याआधी तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचा. ५ आणि १९७ क्रमांकाच्या नोंदी शून्य नसतील तर डिस्क खराब व्हायला लागलीय. भावाचे फोटोबिटो असतील तर आधी ते बाहेर काढा, मग बाकीचं.

बॅटरी फुगली आहे का तेवढं बघा. टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही, अशी लक्षणं असतील तर ती ताबडतोब काढायची आणि परत लावायची नाही. फुगली नसेल तर मी ती बदलणार नाही. वीज गेली तर काम सेव्ह करून बंद करायला दहा मिनिटं भरपूर.

आणखी एक बारकं दुखणं. दर वेळी चालू केल्यावर तारीख भलत्याच वर्षाची दिसत असेल तर आतला सीआर-२०३२ सेल संपलाय. त्या चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' म्हणून लाल पाटी दाखवतो. मी एकदा यापायी पूर्ण दुपार राउटरशी भांडलो होतो.

---

टर्मिनलवाला

विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे, तुमचा तिसऱ्या पिढीचा. ती अट चुकवून ११ घालता येतं, पण आईच्या यंत्रावर तसलं काही करू नका. पुढचं मोठं अपडेट आलं की पुन्हा तीच झटापट, आणि ती नेमकी सोमवारी, तुम्ही नसताना.

विंडोज काढून त्या जागी लिनक्स मिंट २२ ही यंत्रणा घाला, त्यातली एक्सएफसीई आवृत्ती. हलकी आहे आणि एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षेची अपडेट्स मिळतील. बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. वायफाय, आवाज, पडद्याचा उजेड, झाकण लावल्यावर झोपणं आणि उघडल्यावर उठणं, एवढं चाललं की बसवा. अपडेट मॅनेजरमध्ये अपडेट्स आपोआप व्हायची खूण करा आणि त्याचा आयकॉन लपवा. टाइमशिफ्ट, म्हणजे बिघडलेली यंत्रणा मागच्या स्थितीला नेणारी सोय, चालू ठेवा. पण ते यंत्रणेच्या फायली जपतं, आईच्या नाही. आईंचं लिखाण दर रविवारी पेनड्राइव्हवर तुम्हीच घ्या.

---

काचेपलीकडे

मिंटला नाही म्हणत नाही. पण बिघडलं तर शेजारपाजारचा कोणी येऊन दुरुस्त करील हा विंडोजचा फायदा त्यात नाही. मिंट बिघडलं तर दुरुस्त करणाऱ्या फक्त तुम्हीच, आणि तुम्ही तर शनिवार-रविवारीच असता. ते जमणार असेल तरच.

---

टर्मिनलवाला

मुद्दा रास्त आहे. पण शेजारचा कोणी येतो तो तीन टूलबार आणि एक फुकटचा अँटिव्हायरस बसवून जातो, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय.

---

कार्बन_कागद

ताई, मी आईंच्याच बिरादरीतला. बावीस वर्षं टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. वर सगळे यंत्राचं बोलले, मी बोटांचं बोलतो.

तुमच्या आई नवशिक्या नाहीत. त्यांच्या हाताला जे येतं ते नेमकं इथे उलटं पडतंय, आणि ते कोणी त्यांना सांगितलेलं नाही. ठिपक्यांच्या बांगडीचं घ्या. टाइपरायटरवर आपण डोळ्यांनी टाइप करतो. कागदावर जे डावीकडे दिसतं ते आधी मारायचं. वेलांटी क च्या डावीकडे, म्हणून आधी वेलांटी, मग क. 'सर्व' मधला रफार व च्या डोक्यावर, म्हणून आधी स, मग व, मग रफार. कॉम्प्युटर उच्चाराच्या क्रमाने चालतो. आधी क, मग वेलांटी. 'सर्व' साठी स, र, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), व. वेलांटी आधी मारली तर तिला बसायला अक्षर नसतं. ठिपक्यांचं वर्तुळ म्हणजे 'इथे अक्षर हवं होतं' एवढाच निरोप.

हे त्यांना लिपीच्या नियमासारखं समजावू नका. एवढंच म्हणा, की लघुलिपी कशी कानाने लिहिता, तसं टाइप करायचं. लघुलेखक ऐकू येतं ते उतरवतो, शब्द कागदावर कसा दिसेल याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यांच्या एका हाताला हे आधीच येतंय. दुसऱ्याला फक्त परवानगी द्यायची आहे.

बॅकस्पेसचंही तसंच. आमच्या यंत्रावर ती कळ दाबली की गाडी एक घर मागे यायची, अक्षर जागच्या जागी. त्यावर दुसरं ठोकायचं किंवा रबर घ्यायचा. इथे ती अक्षर खाते, आणि आई ती दाबून धरत असतील, कारण जुन्या यंत्रावर जोरात आणि पुरतं दाबायची सवय. इथे कळ दाबून धरली की तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात किंवा जातात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये कळ आपोआप पुन्हा चालण्याची सोय असते, ती पहिले काही महिने बंद करा. मागचा शब्द जाणं थांबेल. आणि कंट्रोल-झेड पहिल्या दिवशी शिकवा, बाकी सगळ्याआधी. ज्या माणसाने एका चुकीपायी तीन कार्बनसकट अख्खं पान परत केलंय, त्याला गेलेलं परत येतं हे डोळ्यांनी बघू द्या.

ओळ संपली की त्या एंटर मारतील. मारणारच. उजव्या समासाजवळ घंटा वाजायची आणि हात आपोआप दांड्यावर जायचा. इथे ओळ स्वतः मोडते. आज हे दिसणार नाही, पण तुम्ही अक्षर मोठं केलंत की सगळ्या ओळी अर्ध्यात तुटलेल्या दिसतील. मथळा मधोमध आणायला त्या अक्षरं मोजून, निम्मी करून स्पेस मारतील. ते मारू द्या. कौशल्य आहे ते.

मांडणीबद्दल. रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरची मांडणी, लिनक्सवर आयबस नावाच्या टायपिंगच्या सोयीतून लावता येते. दोन दिवस ती देऊन बघा. बोटं अजून तिच्यावर पळत असतील तर तीच ठेवा. पण मी स्वतः इनस्क्रिप्टवर गेलो आणि पस्तावलो नाही. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, क च्याच कळीवर शिफ्टने ख, ग च्या कळीवर घ. बसवण्यामागे डोकं आहे. १९९१ च्या भारतीय प्रमाणात ती आलेली आहे, आणि कुठल्याही यंत्रावर वेगळं काही न घालता सापडते. मला तीन आठवडे लागले. जोडाक्षराला अर्ध्या अक्षराची वेगळी कळ नसते, पूर्ण अक्षर आणि मग हलन्त, तो डी च्या कळीवर. 'नमस्कार' पन्नास वेळा टाइप करायला सांगा. त्यात सगळं येतं.

एक गोष्ट मात्र ऐकू नका. कोणीतरी हमखास सांगेल, की जुना टाइपरायटरसारखा फॉन्ट टाका, सगळं जसंच्या तसं चालेल. चालतं, पण त्या फायलीत आत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांना मराठी सोंग दिलेलं असतं. दुसऱ्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की आजोबांच्या आठवणींच्या जागी कचरा. युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणूनच कळणारी अक्षरं, त्याशिवाय एक ओळही नको.

कळांवर चिकटपट्ट्या लावू नका. टंकलेखक खाली बघत नाही. मांडणीचा तक्ता मोठा छापून समोर भिंतीवर लावा, आम्ही शिकलो तेव्हा असाच असायचा. तुमच्या दोन पानी सूचना काढून त्या जागी लावा. आणि लॅपटॉपच्या चपट्या कळांऐवजी उंच कळांचा वेगळा कीबोर्ड द्या. वही टेबलावर आडवी ठेवू नका, डावीकडे उभी राहील असं काहीतरी करा. नजर वहीवर, हात कळांवर, हीच त्यांची बैठक.

---

दुपारची_शाळा

कार्बनकाकांनी टायपिंगचं सगळं सांगितलंच. मी ज्येष्ठांना कॉम्प्युटर शिकवते, म्हणून उरलेल्यापैकी दोन-तीन गोष्टी.

चौदा आयकॉन काढा. एक ठेवा, 'वह्या' नावाचा फोल्डर. खालची पट्टी कुलूप लावून टाका, नाहीतर माउसने ती ओढली जाते आणि फोन येतो, 'ती खालची पट्टी गेली.' डबल क्लिक शिकवूच नका. एक्सएफसीईमध्ये एका क्लिकने उघडायची सोय आहे, डेस्कटॉपला वेगळी आणि फायलींच्या खिडकीला वेगळी. दोन्हीकडे लावा. डबल क्लिक करताना हात हलतो, फाइल उघडण्याऐवजी सरकते. ती कुठे सरकली हे शोधण्यात माझ्या आयुष्यातले बरेच तास गेलेत.

पडद्याचं रिझोल्यूशन कमी करून अक्षर मोठं करू नका, सगळं धुरकट होतं. रिझोल्यूशन आहे तेच ठेवून अक्षराचा आकार आणि बाणाचा आकार वाढवा.

माउसचा हात बसायला पत्ते. खरंच सांगते. सॉलिटेअर १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला, आणि पत्ता धरून ओढणं, सोडणं हे माझ्याकडच्या कित्येकांना त्याच्यावरच जमलं. धडा म्हणून देऊ नका, खेळ म्हणून द्या.

आणि तुमच्याबद्दल. शिकवताना स्वतःचे हात मांडीखाली घालून बसा. मी विनोद करत नाहीये, मी रोज तशी बसते. त्यांचा बाण चुकीच्या जागी जातोय हे दिसत असताना गप्प बसणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम. आणि सूचना तुम्ही लिहू नका. त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. 'डाव्या कोपऱ्यातलं हिरवं' असं त्यांनी लिहिलं तर त्यांच्यासाठी तेच त्याचं नाव.

इंटरनेट लगेच देणार असाल तर ब्राउझरमध्ये जाहिराती अडवा आणि सूचना पाठवू का विचारणाऱ्या साइट्सना कायमचं नाही म्हणून ठेवा. पडदाभर 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' असं आलं तर फोन करायचा नाही, बंदची कळ दाबून धरायची. फोनवरून कोणी 'अमुक उतरवून घ्या, म्हणजे मला तुमचा पडदा दिसेल' म्हटलं तर तो तुमचा आवाज नसेल तर ठेवून द्यायचा. हे मात्र लिहून भिंतीवर लावा.

---

वहीतली_रेघ

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार.

एसएसडी घातली, रॅम ८ केली, मिंट बसवलं. आता पाऊण मिनिटात चालू होतो. भावाच्या डिस्कची १९७ ची नोंद शून्य नव्हती, रिकामा_स्क्रू यांच्यामुळे त्याचे फोटो वाचले. बॅटरी तशीच ठेवली आणि लिखाण दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह होईल असं लिब्रेऑफिस या लिहायच्या प्रोग्राममध्ये लावलं. मी एक स्वतंत्र चूक केली. मराठी मांडणी पहिली ठेवली आणि इंग्रजी दुसरी, त्यामुळे चालू करताना पासवर्डच्या चौकटीत मराठी अक्षरं जायला लागली. पासवर्ड बरोबर असून चूक. अर्धा रविवार त्यात गेला. आता इंग्रजी पहिली आहे.

रेमिंग्टन दोन दिवस दिलं. बोटं पळाली खरी, पण निम्म्याच कळांवर. उरलेल्या कळांवर थबकायची आणि स्वतःवरच चिडायची. तिसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, "ते दुसरं लाव." मग मी कार्बनकाकांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, लघुलिपीसारखं कानाने टाइप कर. तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग डोळे मिटले, हो, खरंच मिटले, आणि 'किती' पुटपुटत क दाबला, मग वेलांटी. डोळे उघडून पाहिलं. परत केलं. मग 'मिळाली', 'दिवस', 'विहिरीवर'. 'विहिरीवर' ला हसली. मी हात मांडीखाली घालून बसले होते आणि ते दोन्ही सुन्न झाले होते.

बॅकस्पेसचं अगदी तसंच निघालं. कळ पुन्हा चालायची सोय बंद केल्याबरोबर शब्द जाणं थांबलं. कंट्रोल-झेड शिकवल्यावर पहिल्या दिवशी ती मुद्दाम पान पुसायची आणि परत आणायची, सात-आठ वेळा. एंटर मात्र अजून मारते. मी मागून जोडून घेते, तिला सांगितलेलं नाही.

तुम्ही कोणी न सांगितलेल्या दोन गोष्टी. पहिल्या पानावर जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. तिने हात आवरले. ज्या बाईच्या पानात साहेबांना चूक सापडायची नाही, तिच्या पानाला लाल शाई! लिब्रेऑफिस मराठीला हिंदी समजून तपासत होतं. शिफ्ट-एफ ७ ने ती तपासणी बंद केली. दुसरी गोष्ट तिने पकडली. भिंगातून पडदा बघत म्हणाली, "हा ल आपला नाही. आणि श पण नाही." मला आधी कळेना. मग पाहिलं, तर खरंच दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची. लिखाणाची भाषा हिंदीची मराठी केली, आणि त्याच फॉन्टमध्ये आपला ल, आपला श आला. मी वीस वर्षं कॉम्प्युटर वापरतेय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

सूचना तिने स्वतः लिहिल्यात, टेबलाच्या कडेला वही आहे. सगळ्या लघुलिपीत. त्यामुळे त्यात चूक आहे की नाही हे मला कधीच कळणार नाही.

पहिल्या वहीची एकोणीस पानं झाली. आता तिचा प्रश्न, कार्बनकाकांनाच विचार म्हणाली. काही ठिकाणी लघुलिपीतली तिचीच आकृती (शब्दाची खूण) तिला लागत नाही. टाइपरायटरवर अंदाजाने जागा मोकळी सोडायची आणि नंतर पेन्सिलीने भरायची. इथे जागा सोडली की पुढचं लिहिताना, दुरुस्त करताना ती कमीजास्त होते, हरवते. काय करावं?

---

कार्बन_कागद

डोळे मिटून टाइप केलं हे वाचून बरं वाटलं. आईंना नमस्कार सांगा.

मोकळी जागा सोडू नका. तिथे लागोपाठ तीन फुल्या टाका, स्पेस न देता. मजकुरात एरवी तीन फुल्या कुठे येत नाहीत, म्हणून कंट्रोल-एफ करून शोधल्या की एकेक करून सगळ्या जागा सापडतात. फुल्यांनंतर वहीचं पान आणि ओळ आकड्यात घालायला सांगा, म्हणजे मूळ आकृतीकडे परत जाता येईल.

आणि तुमच्यासाठी एक काम. या रविवारी साती वह्यांच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, चांगल्या उजेडात, पान सपाट धरून. पेन्सिलीची लघुलिपी पुसट होते. जाडी-बारकाईवर अक्षर बदलतं तिथे एक रेघ पुसट झाली की शब्द गेला. आकृती लागत नसेल तर त्या ओळीचा फोटो इथे टाका. घरच्या खाजगी ओळी असतील तर तेवढी आकृतीच कापून टाका. आमच्यातले दोन-चार जण अजून वाचू शकतात.

---

वहीतली_रेघ

फोटो शनिवारीच काढते.

फुल्या चालतील म्हणाली. पण आकृत्या इथे टाकायला नको म्हणते, आधी ती स्वतः लावून बघणार आहे. पहिल्या वहीत आत्तापर्यंत सहा ठिकाणी फुल्या होत्या, काल रात्री तिचा फोन आला, आता पाच.